सिद्धम्माच्या गाडीचा ढिला स्टड

सिद्धम्माला गाडी शिकवायला कुणी नव्हतं. शिकू नको म्हणायला मात्र अख्खं बेलदरा होतं. उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्याला खेटून असलेलं हे गाव स्वतःला फार शहाणं समजतं. आपण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतं. पण पन्नाशीला टेकलेली ही बाई साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवून खळ्यावर मोटारसायकलला किक मारायला लागली, तेव्हा याच गावाला एकाएकी तिची काळजी वाटायला लागली. पडशील, हातपाय मोडून घेशील, सुनेच्या वयाच्या पोरी हसतील. सिद्धम्मा पडलीही. कधी गोठ्याच्या कुडावर, कधी बाभळीत, आणि एकदा थेट उकिरड्यात. उकिरड्यातून उठून तिनं शर्ट झटकला आणि जमलेल्या मंडळींना विचारलं, "बगून झालं का? मग सरका बाजूला, गाडी उचलायची हाय."

गाडी तिच्या नवऱ्याची, शिवमूर्तीची. शिवमूर्ती बोअरमध्ये उतरवलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचा आणि बसवायचा. साखळी, कप्पी, भलेमोठे पाइपपाने या गाडीवर लादून त्यानं निम्मा तालुका पालथा घातला होता. पुढं साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. अगदी अंधार झाला नाही, पण समोरचा माणूस म्हणजे एक हलतं धुकं, एवढंच उरलं. मग गाडी गोठ्यात उभी राहिली आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. घरात दोन म्हशी, लातूरला नर्सिंग शिकणारी लेक आणि बाजेवर बसून असलेला नवरा. सिद्धम्मानं एके दिवशी कोंबड्या हुसकल्या, सीट धुतली आणि पुढचं सगळं गावानं पाहिलं.

तेव्हापासून तिची सकाळ ठरलेली. आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग शर्ट चढवायचा. घरच्या म्हशींचं आणि आळीतल्या चार घरांचं दूध कॅनमध्ये भरायचं, गाडीच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांना कॅन अडकवायचे आणि उदगीरच्या हॉटेलांना दूध घालून चहा प्यायच्या वेळेला परत यायचं. हे घर त्या गाडीवर चालत होतं. सिद्धम्माला हे ठाऊक होतं, शिवमूर्तीला ठाऊक होतं, आणि गावालाही ठाऊक होतं. फक्त गाव ते बोलून दाखवत नव्हतं.

त्या श्रावणात गाडी फटफटायला लागली. म्हणजे मोटारसायकलीनं फटफटावं तशी नव्हे, तोफा डागल्यासारखी. इंजिनातून गरम धूर बाहेर नेणारा सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या तोंडाशी दोन लोखंडी दांड्यांनी जखडलेला असतो. बोटभर लांबीच्या त्या दांड्यांना दोन्ही टोकांना आटे असतात. गॅरेजवाले त्यांना स्टड म्हणतात. सिद्धम्माच्या गाडीचा एक स्टड ढिला झाला होता. फटीतून धूर फुसफुसायचा, आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की असा बार व्हायचा की रस्त्यावरची कुत्री घरात पळायची.

आता गावात उतार एकच, आणि त्या उताराला मठ. श्रावणात मठात रोज पहाटे अभिषेक. आत पिंडीवर दुधाची धार, रुद्र सुरू, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि बाहेर धडाम! बरं, मठाच्या कमिटीचे अध्यक्ष कोण, तर रामलिंगआप्पा, शिवमूर्तीचे थोरले भाऊ. आप्पा वाईट माणूस नव्हते. कमिटीवर बसलेले होते, एवढंच. कपाळावर तीन बोटांची विभूती, अंगात परीटघडीचा सदरा. भावजय फटफटीवरून गावभर हिंडते हे त्यांनी आजवर न दिसल्यासारखं करून निभावलं होतं. पण दिसलं नाही म्हणता येतं, ऐकू आलं नाही कसं म्हणणार? एका सकाळी बार झाला, अभिषेकाला बसलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं, आणि आप्पांच्या डोक्यात तिडीक गेली.

त्याच दुपारी ते अंगणात येऊन उभे राहिले. सिद्धम्मा म्हशीला पेंड घालत होती. शिवमूर्ती बाजेवर होता.

"सिद्धम्मा, आता बास," आप्पा म्हणाले. "लई झालं. देवाच्या दारात इज्जत जाऊन राहिली आपली. गाडीला गिऱ्हाईक बगितलंय मी. देगलूरचा मानूस हाय, उद्या सकाळी येऊन घेऊन जाईल."

"गाडी ढिली झाली म्हनून कुनी इकतंय का आप्पा? नीट करते मी."

"गाडीचं न्हाई बोलत मी." आप्पांनी आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. "तुज्या दुधाचा काय तो बंदोबस्त करू. टेम्पोवाल्याला सांगू. पर आपल्या घरची बाई आता हिंडायची न्हाई. काय रे शिवमूर्ती?"

शिवमूर्तीनं मान आवाजाच्या दिशेनं वळवली. "हाव दादा," तो म्हणाला.

बाप लवकर गेल्यावर याच भावानं त्याला वाढवलं होतं, पहिली साखळी-कप्पी याच भावानं हातात दिली होती. थोरल्या भावाला 'हाव' सोडून दुसरा शब्द शिवमूर्तीनं आयुष्यात वापरला नव्हता. गाडी त्याच्या नावावर, तेव्हा त्याचा होकार मिळाला की काम झालं. आप्पा आले तसे गेले. सिद्धम्माच्या हातातली पेंड तशीच राहिली. आप्पांचा तिला राग आला नाही, त्यांच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. पण नवऱ्याचा तो 'हाव' तिला काळजात सुरी घातल्यासारखा लागला.

तिनं पेंड म्हशीपुढं टाकली. गाडी ढकलत फाट्यावर संगमेश्वरच्या गॅरेजला गेली. संगमेश्वर दोन लेकरांचा बाप, हात चांगला, पण गावात राहायचंय म्हणून सगळ्यांना धरून असलेला. त्यानं खाली बसून स्टड बोटानं हलवला. स्टड गोल गोल फिरला. मग त्यानं पाना खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसत बसला.

"आटे गेलेत अक्का, इंजिनाच्या अंगातले. भोक मोठं करून नवे आटे पाडावे लागतील आन जाड स्टड बसवावा लागंल."

"मग पाड की."

"आप्पा आत्ताच येऊन गेले. म्हनले, त्या गाडीला हात लावायचा न्हाई." त्याची नजर जमिनीवरून उठेना. "मठाची जागा हाय ही गॅरेजची. माझी तकलीफ समजा."

सिद्धम्मानं पदर खोचला. "हात लावायचा न्हाई म्हनले. हत्यार द्यायचं न्हाई म्हनले का?"

संगमेश्वरनं विचार केला. "न्हाई. तसं न्हाई म्हनले."

"तोंडानं सांगायचं न्हाई म्हनले का?"

"न्हाई."

"मग ड्रिल दे, आटे पाडायचा टॅप दे, तुझ्याकडं आसंल तो जाड स्टड दे. आन बोल. मी ऐकून राहिले."

संगमेश्वर बोलला. एकदा बोलायला लागल्यावर असा बोलला की गाडीला हात न लावण्याचं सगळं दुःख त्यानं बोलण्यात भरून काढलं. धुराच्या तोंडात ग्रीस लावलेलं फडकं कोंबा, कीस आत गेला तर इंजिनाचा सत्यानाश. भोक सरळ पाडा, वाकडं गेलं तर पाइप बसणार नाही. टॅप अर्धा फेरा पुढं, थोडा मागं, मध्येमध्ये डिझेलचा थेंब. सगळं बसवून इंजिन चांगलं तापलं की नट परत एकदा आवळा. आणि टॅपला जोर बिल्कुल लावायचा नाही. "टॅप काचेवानी असतो अक्का. आत तुटला तर त्यो काय निगत न्हाई, मग गाडी खरंच भंगारात." नव्या स्टडची एक बाजू जाड होती, इंजिनात जायची, दुसरी बारीक, पाइपाची. सगळं फडक्यात बांधून सिद्धम्मानं गाडी परत ढकलली. रस्त्यात भेटलेल्या कुणीतरी विचारलं, इकायला काढली म्हणे? "कोन म्हनलं?" तिनं विचारलं आणि उत्तराला थांबली नाही.

अंगणात लिंबाच्या सावलीला तिनं गाडी स्टँडवर घेतली. पाइप सोडला. ढिला स्टड बोटांनीच बाहेर आला, आणि त्याच्यासोबत काहीतरी काळं, कुरकुरीत बाहेर पडलं. तिनं ते तळहातावर घेतलं. जळालेली सुतळी होती. सुतळीला पांढरा, वाळून कडक झालेला सफेदा. बोअरच्या पाइपाचा सांधा गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती सुतळी आणि वरून फासतात तो सफेदा. या बाईनं संसारभर तो नवऱ्याच्या कपड्यांवरून घासून काढला होता. तिला डोळे मिटूनही तो वासानं कळला असता.

ती उठून बाजेपाशी गेली आणि सुतळी शिवमूर्तीच्या हातात ठेवली. त्यानं चाचपली. त्याचा चेहरा पडला.

"आप्पानं सांगितलं व्हतं का?" तिनं विचारलं. "गाडी बिघडवून ठेव म्हनून?"

"न्हाई गं. लिंगाची आन."

"मग?"

शिवमूर्तीनं सुतळीचे तुकडे बोटांनी चुरले. मग बोलला. "आवाज व्हायला लागला तवाच मला समजलं, दादा येनार. तू म्हशी घेऊन माळावर गेल्ती. मी चाचपत गेलो. नट हालून राहिल्ता. म्हनलं, कुठनं तरी गळून राहिलंय. स्टड काढून सुतळी गुंडाळली, सफेदा लावला आन मोठ्या पान्यानं आवळला. पाइपाची गळती अशीच थांबती."

"मोठ्या पान्यानं? बोअरच्या?"

"दुसरा पाना माज्याकडं कुठंय?"

लोखंडी पाइपाला जन्मभर लावलेला जोर त्यानं इंजिनाच्या मऊ अॅल्युमिनियमला लावला होता. थोडाच ढिला असलेला स्टड त्यानं आट्यांसकट उपटला होता, आणि इंजिनाच्या धगीनं सुतळी पहिल्याच फेरीत जळून गेली होती. सिद्धम्माला हसावं की रडावं कळेना. आंधळ्या हातांनी हा माणूस तिच्यासाठी गाडी गप करायला गेला होता. तिला त्याची माया आली आणि त्याच क्षणी संतापही आला, कारण कोडं आता आणखीच अवघड झालं होतं.

"एवढं वाटत व्हतं, तर मग आप्पाला 'हाव' काहून म्हनला?"

शिवमूर्तीनं तळहातावरचा चुरा झटकला.

"बरं," ती म्हणाली. "तुमी म्हना हाव. माज्यापुढं उद्याची सकाळ हाय. सकाळच्याला गाडी चालू आसंल, आन मी तिच्यावर बसलेली आसंल. मग कोन उतरवतंय ते बगते."

तिनं फडक्याला ग्रीस लावून धुराच्या तोंडात कोंबलं. घरातून वायर ओढली, ड्रिल लावलं. ड्रिल धरून गाडीपुढं उकिडवी बसली खरी, पण सरळ म्हणजे नेमकं किती सरळ, ते तिला उमगेना. डोळ्याला सरळ दिसायचं आणि मनाला वाकडं वाटायचं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. शिवमूर्ती होता. त्यानं एक हात चांगल्या स्टडवर ठेवला, दुसरा ड्रिलच्या पात्यावर.

"खाली लवलंय. वर घे. अजून. आता उजवीकडं, लई न्हाई. हां, आता दोन्ही जावाजावांवानी बरोबरीनं उबे हायेत. मार."

त्यानं हात काढून घेतला आणि तिनं बटण दाबलं. चांदीसारखा कीस भुरभुरत खाली आला. भोक पडलं तेव्हा तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

टॅप मात्र त्यानं मागून घेतला. "हे काम माझं," तो म्हणाला. ती क्षणभर थांबली. याच हातांनी आटे उपटले होते. पण याच हातांनी निम्म्या तालुक्याच्या पाइपांना आटे पाडले होते, हेही खरं. तिनं टॅप दिला आणि वर सुनावलं, "बोअर समजू नका. काच हाय, काच."

अर्धा फेरा पुढं, थोडा मागं. ती डिझेलचा थेंब सोडायची, तो फिरवायचा. शिवमूर्तीची मान तिरकी झाली होती, जणू इंजिन त्याच्या कानात काही सांगत होतं. अर्ध्यावर टॅप अडला. त्यानं किंचित दाब दिला. टॅप हलला नाही. इथं मोडला की सगळं संपलं. देगलूरच्या माणसालाही मग ती गाडी किलोवरच न्यावी लागली असती.

"सोडा," ती हळूच म्हणाली. "संगमेश्वरच्या पाया पडते मी."

"कुनाच्या पाया पडायचं न्हाई." शिवमूर्तीचा असा आवाज तिनं फार वर्षांत ऐकला नव्हता. त्यानं टॅप उलटा फिरवत फिरवत पूर्ण बाहेर काढला, अंगठ्याच्या नखानं त्याच्या खाचांतला कीस साफ केला, भोकात फुंकर मारली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. अडला होता तिथं तो थांबला. नुसता बोटांचा भार ठेवला. मग टॅप कुरकुरला आणि पुढं सरकला. शेवटपर्यंत गेला. सिद्धम्माला दिसलं की त्याच्या डोळ्यांना पाणी आलंय, पण तिनं ते न बघितल्यासारखं केलं, कारण तिच्याही आलं होतं.

जाड स्टड जागेवर बसला. नवं पॅकिंग, पाइप, नट. फडकं आठवणीनं काढलं. नट आवळताना तिनं त्याच्या हातातून पाना काढून घेतला, आणि त्यानं तो निमूट दिला. दिवेलागणीला तिनं किक मारली. गाडी सुरू झाली आणि धीम्या लयीत टकटकत राहिली. गोठ्यातल्या म्हशीनं मानसुद्धा वळवली नाही. सिद्धम्मानं गाडी बंद केली आणि स्वयंपाकाला गेली. 'हाव'चा विषय त्या संध्याकाळी पुन्हा निघाला नाही. पण तो तिच्या मनातून गेलाही नव्हता.

सकाळी पूजा आटोपून, शर्ट चढवून, कॅन अडकवून ती गाडीवर बसली, तर अंगणात शिवमूर्ती उभा. धुतलेला सदरा, कपाळाला विभूती, हातात संगमेश्वरचा लहान पाना.

"कुठं निगाला?"

"संगमेश्वर काय म्हनला, तूच सांगितलंस की काल. इंजिन चांगलं तापलं की नट परत एकदा आवळावा लागतो. आर्ध्या वाटंत आवळावा लागंल."

"मला येत न्हाई व्हय आवळायला?"

"येतंय की." तो चाचपत पुढं आला, त्याला सीट सापडली, आणि दोन कॅनच्या मधून पाय टाकून तो तिच्या मागं बसला. "पर मला यायचंय."

बेलदऱ्यात असं कधी झालं नव्हतं. इथला पुरुष बायकोच्या मागं गाडीवर बसण्यापेक्षा उदगीरपर्यंत पायी जाईल आणि वर सांगेल की डॉक्टरनं चालायला सांगितलंय. सिद्धम्मानं एकदा मागं वळून पाहिलं. तिनं गाडी काढली.

मठापुढं आप्पा उभेच होते. सोबत देगलूरचा माणूस, आणि अभिषेकाला आलेली दहा-बारा मंडळी पायऱ्यांवर. आप्पांनी हात वर केला. सिद्धम्मानं ब्रेक दाबला, इंजिन चालूच ठेवलं. तिनं रात्रभर उत्तरं तयार करून ठेवली होती, चांगली धारदार. गावात उभ्या जन्मात कुणी आप्पांना ऐकवली नसतील अशी.

"उतरा," आप्पा म्हणाले. "पाव्हने खोळंबलेत."

तिनं तोंड उघडलं. खांद्यावर नवऱ्याचा हात पडला, आणि त्यानं तो दाबला.

"दादा, गाडी द्यायची न्हाई," शिवमूर्ती म्हणाला.

पायऱ्यांवर कुणीतरी घंटा वाजवायला हात वर केला होता, तो तसाच राहिला. आप्पांना पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नसावं. "काल हाव म्हनलास तू," ते म्हणाले.

"म्हनलो. जन्मभर म्हनलो. तुमी मला वाढवलं, तुमच्या पाया मी रोज पडीन. पर कालचा हाव वापस घेतो. तिची गाडी हाय. आवाजाची खोट व्हती, आवाज बंद झाला. आता खोट न्हाई."

"अरे, बायकोच्या मागं बसून बोलून राहिलास." आप्पांचा आवाज आज चढला. "समदा समाज उबा हाय हितं. लोक बगून राहिलेत तुज्याकडं, शिवमूर्ती."

"बगू द्या दादा," शिवमूर्ती म्हणाला. "मला त्यातला एकबी मानूस दिसत न्हाई."

कुणी हसलं नाही. देगलूरच्या माणसानं पायातल्या चपलेकडं पाहिलं. आप्पांचा वर केलेला हात खाली आला. सिद्धम्मानं रात्रभर घासून ठेवलेलं एकही उत्तर लागलं नाही.

"चल," मागून आवाज आला. "दूध नासंल."

तिनं पहिला गिअर टाकला. उतारावर तिनं अॅक्सिलरेटर सोडला, बार झाला नाही. गाडी इतकी शांत होती की मठातला रुद्र तिला स्पष्ट ऐकू येत होता. आजच्या दिवशी एवढी शांतता सिद्धम्माला काही मानवली नाही. तिनं अंगठा हॉर्नवर ठेवला, आणि गावातलं शेवटचं घर मागं पडेपर्यंत उचलला नाही.